गटाराच्या तोंडाला जाळी

माझा थोरला भाऊ पहिल्यांदा माझ्या कार्यालयात आला तो तक्रार घेऊन आला. खांद्यावर युरियाची जुनी गोणी होती, गच्च भरलेली. तो सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं ती गोणी फरशीवर उपडी केली.

"बाय, हा तुमच्या गावाचा माल. माझ्या शेतात पडला होता. परत आणलाय."

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत माथ्यावर वसलेल्या एका लहानशा शहराच्या पालिकेत मी लिपिक आहे. विभाग बांधकाम. रस्ते, गटारं, मोऱ्या यांचे प्रस्ताव टाइप करायचे, पत्रं पाठवायची, आलेली पत्रं फाइलीला लावायची, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. माझं माहेर शहराच्या खाली, ओहोळाच्या काठावर आहे. पायवाटेनं उतरलं तर तासही लागत नाही. शहरात पडलेला पाऊस गटारांतून ओहोळात येतो आणि ओहोळ आमच्या भाताच्या बांधाला घासून पुढं नदीला मिळतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या पाण्याबरोबर आणखी काय काय येतं, हे मात्र गटारांच्या फाइली सांभाळूनही मी कधी मनात आणलं नव्हतं.

ते सगळं आता माझ्या पायाशी पडलं होतं. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या, एकेका पायाच्या चपला, बाजारातल्या मिठाईवाल्याचे प्लॅस्टिकचे डबे. शिवाय आमच्याच पालिकेनं लावलेल्या स्वच्छतेच्या बॅनरचा एक तुकडाही होता. त्यावर 'आपले शहर' एवढीच अक्षरं शिल्लक होती. पाहून शेजारच्या टेबलावरचा शिपाई फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला.

आदल्या आवणीत चिखलात भात लावताना वहिनीच्या पायात बाटलीची काच शिरली होती. जखम चिघळली आणि दिवाळीपर्यंत ती लंगडत होती. मी तिला बघायला गेले होते, मलम नेलं होतं, डॉक्टरांकडे घेऊनही गेले होते. ती काच शेतात आली कुठून, एवढं मात्र मी विचारलं नव्हतं.

"आता भाताच्या रोपांसाठी राब भाजायचाय," दादा म्हणाला. "पाल्याबरोबर हेही जाळू काय? मग धूर कसा येतो ते बघायला तूच ये."

तेवढ्यात आवाज ऐकून आमचे अभियंता साहेब केबिनमधून बाहेर आले. मराठवाड्यातला तरुण मुलगा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला ताई म्हणतो, मी त्याला साहेब म्हणते. ते त्या ढिगापाशी उकिडवे बसले आणि एकेक वस्तू उलटसुलट करून पाहू लागले. शिपाई केरसुणी घेऊन आला तसे ते हरखून ओरडलेच.

"थांबा! हात लावू नका. आधी फोटो काढू द्या."

त्यांना एवढा आनंद का झाला ते एकट्या मलाच कळलं. गटारांच्या तोंडाला लोखंडी जाळ्या बसवाव्यात, त्यांच्या मागं गाळ आणि कचरा अडकायला खड्डे बांधावेत, असा प्रस्ताव आम्ही दोनदा जिल्ह्याला पाठवला होता. निधी तिथूनच मिळायचा. दोन्ही वेळा तो 'निकड स्पष्ट होत नाही' असा शेरा घेऊन परत आला. दोन्ही मीच टाइप केले होते, आणि खरं सांगायचं तर जुन्या फाइलीतली वाक्यं उचलून नव्या कागदावर बसवली होती. सदर काम करणे आवश्यक असून त्यास मान्यता मिळावी. कसलं काम, कुणाला आवश्यक, ते वाचणाऱ्याला कळायचं तरी कसं?

साहेबांनी दादाला खुर्ची दिली, चहा मागवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तिसरा प्रस्ताव तुम्ही लिहा. फाइलीच्या भाषेत दोनदा लिहून झालंय."

"मी? मी तर टाइप करते."

"मग हा लिहून टाइप करा."

त्या आठवड्यात आम्ही दोघं सगळी गटारं पायी फिरलो. नकाशात ओहोळाकडे उघडणारी तीन तोंडं होती. मी म्हटलं, चार आहेत. शाळेत असताना मी ओहोळाकाठच्या वाटेनंच वर यायचे. चौथं तोंड करवंदीच्या जाळीमागं होतं, आणि पावसाळ्यात तिथून पडणाऱ्या पाण्यात आम्ही पोरी पाय धुऊन मग शाळेत शिरायचो. साहेबांना ते खरं वाटेना. मी त्यांना काट्यांतून घेऊन गेले. तोंड होतं तिथंच होतं. त्याच्या खाली पिशव्यांचा एवढा थर साचला होता की पाय टाकला तर गादीवर टाकल्यासारखा दबत होता. साहेबांनी नकाशा मांडीवर पसरला आणि चौथं तोंड पेनानं काढलं. सरकारी नकाशात मी भर घातली म्हणून घरी येताना माझी छाती फुगली होती.

प्रस्ताव मी घरी बसून हातानं लिहिला. गटार कुठून निघतं, कुठल्या गल्ल्यांचा कचरा घेतं, कुठं ओहोळाला मिळतं आणि कुणाच्या शेतात शिरतं, ते पायरीपायरीनं मांडलं. 'एका शेतकरी महिलेच्या पायात काच गेली व ती चार महिने कामास मुकली' हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. सरकारी कागदात आपली वहिनी आणावी का? मग ठेवलं तसंच. साहेबांनी वाचलं, एक अक्षर बदललं नाही, खाली सही केली.

वैशाखात जिल्ह्यावरून फोन आला. निधीचं काम पाहणाऱ्या बाई स्वतः पाहणीला येणार होत्या, पुढच्या मंगळवारी. साहेबांनी फोन ठेवला आणि केबिनमधून धावत बाहेर आले. त्यांचा चेहरा अर्धा खुललेला, अर्धा घाबरलेला.

"मॅडम म्हणतात, कचरा गटारातून ओहोळात जातो तो वाहताना दाखवा. कागदावर नको."

"वैशाखात?" मी म्हटलं. "गटारं कोरडी ठाक पडलीत."

"एखादा टँकर..."

"साहेब, टँकरचं नाव काढू नका. पाड्यांवरच्या बायका सकाळपासून हंडे मांडून वाट बघतायत. त्यांच्या डोळ्यांदेखत टँकर गटारात ओतायचा?"

ते खजील झाले. मीही जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले होते. तेवढ्यात पाणी सोडणारा आमचा व्हॉल्व्हमन हजेरीला सही करायला आला. त्यानं सगळं ऐकलं, सही केली आणि जाता जाता म्हणाला, "पावसाळ्याआधी उंच टाकी धुवायचीच आहे. तळातलं गढूळ पाणी दर साली सोडून देतो. ते बाजारातल्या गटारातनंच जातं की."

साहेब उठून उभे राहिले. मीही उठले. आम्ही दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा दोन पावलं मागं सरला. "काय चुकलं का माझं?"

"मंगळवारी धुवायची," साहेब म्हणाले. "आम्ही सांगू त्या मिनिटाला सोडायची."

आता जाळी हवी होती. नमुन्याची एक तरी. आमच्याकडे एस.टी. स्टँडच्या मागं एक वेल्डिंगचं दुकान आहे. मालक साठीचे, शहरातल्या जुन्या मुसलमान घरातले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. साहेबांनी कागदावर जाळी काढून नेली होती, उभ्या सळ्यांची. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद पाहिला आणि परत दिला.

"साहेब, ही नाही चालणार. उभ्या सळ्यांना पिशवी येऊन चिकटेल, तिच्यावर दुसरी चिकटेल. दहा मिनटात भिंत तयार. मग पाणी उलटं बाजारात."

"मग?"

त्यांनी दोन हातांचे पंजे तिरके धरून दाखवले. "सळ्या अशा तिरक्या पडत्या लावायच्या. पाणी खालून निघून जाईल आणि कचरा घसरत वर चढेल. वर पाटी. पाटी भरली की उचलून रिकामी करायची. मी शेतातल्या पाटाला केली आहे एक, पाला अडवायला."

"कधी होईल?"

"मंगळवारी पाहिजे ना? मग सोमवारी होईल."

त्यांनी मजुरीचं नाव काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आधी चालते का बघू दे. माझीच झोप उडाली आहे."

सोमवार आमच्या बाजाराचा दिवस. मंगळवारी सकाळी सफाईच्या मुकादमाला मी सांगितलं की आज बाजारातलं गटार साफ करायचं नाही. त्यानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. वर्षभर आम्ही त्याच्या मागं साफसफाईसाठी लागतो आणि आज हे! समजावून सांगितल्यावर मात्र तो इतका रंगात आला की स्वतःच गटाराच्या कडेला पहाऱ्यावर उभा राहिला, कुणी चुकून साफ करू नये म्हणून.

दादाला मी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. तो सकाळीच येऊन ओहोळाच्या काठावर, गटाराच्या तोंडापाशी बसला होता. चाचांची जाळी तिथं बसवून झाली होती. काळा रंग अजून ओला होता. तोंडाच्या दोन्ही बाजूंना दगडांत खुंट्या ठोकून ती आवळली होती. चाचा तिच्याभोवती फिरत होते, इथं ठोक, तिथं हलवून बघ.

मॅडम अकराला आल्या. पन्नाशीच्या असतील. सुती साडी, पायात साध्या चपला, हातात वही. चहा नको म्हणाल्या. त्यांना घेऊन आम्ही ओहोळावर उतरलो. साहेबांनी फोन लावला, "सोडा!" आणि आम्ही सगळे गटाराच्या काळ्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक थेंब नाही.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. साहेबांच्या कपाळावरून घाम वाहत होता. त्यांनी परत फोन लावला. व्हॉल्व्हमन पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. "केव्हाच सोडलंय! धो धो चाललंय!"

"मग गेलं कुठं?"

उत्तर वरून आलं. बाजारातून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. मी साडी खोचली आणि चढण चढत पळाले. पन्नाशी ओलांडल्यावर मी इतकी कधी पळाले नव्हते. माझ्या मागं चाचा, हातात लांब सळी. वर पोहोचलो तर बाजारातल्या रस्त्याखालच्या मोरीपाशी पाणी उलटून रस्त्यावर आलेलं. बांगड्यावाली आपली टोपली डोक्यावर घेऊन ओट्यावर चढली होती, मिठाईवाला दुकानाच्या पायरीवर पोती टाकत होता आणि मुकादम आनंदानं नाचायचाच बाकी होता.

"बघा! तुंबलंय! दर पावसाळ्यात मी सांगतो ना, इथंच तुंबतं!"

चाचा गुडघाभर पाण्यात उतरले. सळी मोरीत घातली, खुपसली, फिरवली. काही होईना. "वजन पाहिजे," ते म्हणाले. मुकादमानं सळीचं दुसरं टोक धरलं, मिठाईवाला पायरीवरून उतरला, त्यानंही धरलं. तिघांनी मिळून रेटा दिला. आत काहीतरी हललं. मग मोरीच्या पोटातून असा आवाज आला की मी मागं सरले. उलटलेलं पाणी गरकन फिरलं आणि बघता बघता रस्त्यावरून नाहीसं झालं.

"सुटलं!" चाचा ओरडले. "पळा खाली!"

मग जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं. सगळा बाजार गटाराच्या कडेनं उताराला लागला. पाणी गटारातून, माणसं वरून. फरशांच्या फटींतून त्याचा खळखळाट ऐकू येत होता आणि आम्ही त्याच्या बरोबरीनं धावत होतो. बांगड्यावाली टोपली सांभाळत, मुकादम शिट्टी वाजवत, मी चपला हातात घेऊन. आधी पाणी पोहोचतं की आम्ही, अशी शर्यतच लागली होती.

पाणी जिंकलं. आम्ही उतरलो तेव्हा गटाराचं तोंड धबधब्यासारखं फुटलं होतं. काळं पाणी सळ्यांखालून ओहोळात कोसळत होतं आणि कचरा, चाचांनी हात तिरके करून दाखवला होता अगदी तसाच, सळ्यांवरून घसरत वर चढत होता. पिशव्या, बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळ्या. पाठोपाठ मोरीत अडकलेला तो बोळा आला. एक अख्खी फाटकी गादी होती, तिच्याभोवती चिंध्या आणि प्लॅस्टिक गुंडाळलेलं. ती जाळीवर धाडकन आदळली. डाव्या बाजूची खुंटी उपटून निघाली. जाळी एका अंगानं उचलू लागली.

"गेली!" साहेब ओरडले.

पण दादा जवळच बसला होता. त्यानं सरळ उडी घेतली आणि जाळीच्या चौकटीवर बसला. साहेबही त्याच्या मागोमाग, इस्त्रीच्या पॅंटसकट. दोघांच्या वजनानं जाळी खाली बसली. ते पाणी अंगावर घेत दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून बसले होते. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

पाण्याचा जोर हळूहळू ओसरला. पाटी शिगोशीग भरली होती. मॅडम दगडांवरून उतरून जवळ आल्या, तिच्यातली एक बाटली त्यांनी उचलून पाहिली, परत ठेवली.

"एवढं एका टाकीच्या तळातल्या पाण्यानं?"

"हो मॅडम," साहेब म्हणाले. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं.

"आणि पावसाळ्यात?"

यावर दादा बोलला. "पावसाळ्यात माझ्या शेतावर या. मग समजेल."

मला वाटलं, झालं, आता बिघडलं. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "शेत किती लांब आहे?"

"हे काय, खाली. चालत अर्धा घंटा."

"मग पावसाळ्यापर्यंत कशाला थांबायचं? चला."

ऐन दुपारच्या उन्हात त्या आमच्याबरोबर पायवाटेनं उतरल्या. ओहोळाच्या पात्रात दोन्ही काठांना, उंबराच्या मुळ्यांत, करवंदींच्या जाळ्यांत पिशव्या लटकत होत्या. कुणाला काही दाखवावं लागलं नाही. शेतावर पोहोचल्यावर वहिनीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मॅडमनी विचारलं, "काच लागली ती तुम्हालाच?" वहिनी लाजली. मग तिनं पाय पुढं करून वण दाखवला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि परत निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "प्रस्ताव कुणी लिहिलाय?"

"मी," मी म्हटलं.

"समजला," त्या म्हणाल्या. एवढंच.

मंजुरी आली ती ई-मेलनं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. मी डबा तसाच ठेवून वाचलं आणि साहेबांना हाक मारली. ते म्हणाले, मोठ्यानं वाचा. वाचून झाल्यावर म्हणाले, परत वाचा. चारपैकी दोन तोंडांना निधी मिळाला होता, बाजाराखालच्या आणि करवंदीमागच्या. शिवाय बाजारातली मोरी मोठी करायची होती आणि तिच्या तोंडाशी खड्डा बांधायचा होता. बाकीची दोन पुढच्या वर्षी पाहू, असं लिहिलं होतं. दोन तर दोन! साहेबांनी शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. काम ज्या ठेकेदाराला मिळालं त्यानं जाळ्या चाचांकडूनच करून घेतल्या. या वेळी खुंट्या कॉंक्रीटमध्ये गाडल्या.

काम पुरं झाल्यावर आलेल्या पावसाळ्यात मी रोज कार्यालयात शिरण्याआधी बाजाराखालच्या तोंडापाशी जाऊन यायचे. छत्री उलटायची, साडी भिजायची, पण पाटी किती भरली ते पाहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. मुकादमाची माणसं ती एक दिवसाआड रिकामी करायची. एकदा सणाच्या सुट्टीत ती तशीच राहिली, तर चाचांनी स्वतः दुकान बंद करून, दोन गिऱ्हाइकांना हाताशी घेऊन रिकामी केली आणि मग मुकादमाला चार शब्द सुनावले. ती त्यांची जाळी होती ना.

आवणी उरकल्यावर दादाचा फोन आला. उरलेल्या दोन तोंडांचा कचरा यंदाही आला, पण बांधाच्या एका कोपऱ्यात मावला, गोणी भरली नाही. वहिनीनं सगळी लावणी केली आणि तिच्या पायाला काही झालं नाही. "एक बाटली सापडली," तो म्हणाला. "अख्खी. तिच्यात मी रॉकेल ठेवलंय."

मग एक दिवस खोडाळ्याहून फोन आला. तिथल्या ग्रामपंचायतीच्या एक बाई बोलत होत्या. त्यांच्या बाजारातलं पाणीही उताराला लागून शेतांत जातं, आणि आमच्या जाळीबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. "तुमच्यातलं कुणी येऊन बघेल का? प्रस्ताव कसा लिहायचा तेही सांगा."

मी चाचांना विचारलं. ते तर दुकानाची फळी लावायलाच उठले. रविवारी आम्ही मोखाड्याहून जीप धरली. जीपमध्ये मेंढरांसारखी माणसं भरलेली, चाचा खिडकीशी, मांडीवर मोजपट्टी आणि खडूची पुडी. खोडाळ्याला उतरलो तर त्या बाई आणखी चार बायकांना घेऊन स्टँडवर उभ्याच होत्या. नमस्कार झाला. चहा पुढं आला. चाचांनी कप हातात घेतला, पण नजर आधीच रस्त्याच्या कडेला गेलेली.

"पाणी जातं कुठनं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी हात केला. चाचांनी चहा दोन घोटांत संपवला, मोजपट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही गटाराच्या कडेनं उतरायला लागलो.